ट्रेलरवर गाडी न्यायचीय, ओढायला कोणती घेऊ?

मागच्या अंकात वीकेंडला ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या आपल्या मंडळींबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलंय की बाबा ती गाडी ट्रॅकपर्यंत न्यायची कशी आणि कशाने. म्हणून या वेळचं सदर फक्त ट्रेलर आणि तो ओढणाऱ्या गाडीचं. टायर, इन्शुरन्स वगैरेवाले प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न: माझ्याकडे ९० च्या दशकातली माझदा मियाटा (छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार) आहे, रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी नळी) टाकून ट्रॅकसाठी तयार केलीय, त्यामुळे आता ती रस्त्यावर चालवत नाही. घरात टोयोटा हायलँडर हायब्रिड आहे. मित्राकडून १८ फुटी लोखंडी ट्रेलर स्वस्तात मिळतोय. हायलँडरला हिच (मागे ट्रेलर जोडायची जोडणी) लावून भागेल का? नाहीतर सेकंडहँड ट्रक घ्यायचा तर कोणता? बजेट २५ हजार डॉलरच्या आत, आणि मुख्य म्हणजे रस्त्यात दगा देणारी नको.
— एक वाचक, प्लॅनो, टेक्सस

आधी बेरीज करू, गाडी मग बघू. बहुतेक लोक उलटं करतात, आधी ट्रक पसंत पडतो आणि मग त्यात आकडे बसवत बसतात. तुमची मियाटा रोल बारसकट २,३०० ते २,४०० पौंड धरा. १८ फुटी लोखंडी ट्रेलर रिकामा साधारण २,००० पौंड, फळ्या ओल्या असतील तर अजून थोडा. त्यावर चार जादा टायर, जॅक, टूलबॉक्स, पेट्रोलचा कॅन, ती घडीची छत्री आणि खुर्च्या (ट्रॅकवर गेलेल्या माणसाला हे सगळं लागतंच), म्हणजे अजून ४०० पौंड. झाले ४,८००.

हायलँडर हायब्रिडची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड. विषय संपला. हिच कुणीही लावून देईल हो, फार मोठं काम नाही, आणि गाडी ट्रेलर ओढेलसुद्धा, सपाट रस्त्यावर तुम्हाला काही कळणारही नाही, कळेल ते पुढचा ट्रक अचानक थांबल्यावर. ओढायला ताकद लागते ती आजकाल सगळ्यांकडे आहे, थांबवायला आणि सरळ धरून ठेवायला वजन लागतं, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लागतो, ब्रेक लागतात. नाकापेक्षा मोती जड झाला की मोतीच नाकाला फिरवतो.

साध्या पेट्रोलच्या व्ही-६ हायलँडरची मर्यादा ५,००० पौंड आहे, म्हणजे तुमचे ४,८०० कागदावर बसतात, म्हणून कुणी सांगेल की ती घे. मी नाही सांगणार. कारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांड्यावर, म्हणजे हिचवर खाली दाबलं गेलं पाहिजे, याला टंग वेट म्हणतात. ते कमी पडलं तर ट्रेलर ६० मैलांच्या पुढे शेपटी हलवायला लागतो. तुमच्या केसमध्ये ते ४८० ते ७२० पौंड होतं, आणि पाच हजारवाल्या क्रॉसओव्हरच्या हिचला साधारण ५०० चीच परवानगी असते. म्हणजे अगदी काठावर. काठावरची गाडी ऑगस्टमध्ये टेक्ससच्या १०५ डिग्री फॅरनहाइटमध्ये एसी लावून चालवायची आणि वर दगा नको म्हणायचं, हे जमणारं नाही.

आता ट्रक बघायला जाल तेव्हा जाहिरातीतला ओढायचा आकडा सोडा, ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड, आणि हा आकडा त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नाही, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या त्याच रंगाच्या दुसऱ्या ट्रकवर वेगळा आकडा असू शकतो. सनरूफ, लेदर, आपोआप बाहेर येणारी पायरी, फोर व्हील ड्राइव्ह, हे सगळं त्यातूनच वजा झालेलं असतं. समजा स्टिकरवर १,५०० आहे. टंग वेट ६००, वजन वाटून देणारा हिच घेतलात तर तो स्वतःच ८०-१०० पौंडांचा, तुम्ही, वहिनी आणि दोन मुलं मिळून ५००. राहिले ३००. त्यात कूलर, बॅगा आणि मागे टाकलेलं सामान. ११ हजार पौंड ओढणारा म्हणून विकला जाणारा ट्रक ४,८०० पौंडांच्या ट्रेलरला असा भरत येतो, आणि हे सेल्समन सांगत नाही कारण बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं.

तर कोणता. तुमच्या बजेटमध्ये माझी पहिली पसंती २००७ ते २०२१ मधली ५.७ लिटर व्ही-८ वाली टोयोटा टुंड्रा, त्यातही २०१४ नंतरची मिळाली तर उत्तम. जुनाट इंजिन आहे, पेट्रोल पाण्यासारखं पितं, ट्रेलर लावल्यावर गॅलनला ९-१० मैल मिळाले तरी खूश व्हायचं, पण टर्बो नाही, भानगडी कमी आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक हात घालतो. तपासताना इंजिनाच्या वरच्या बाजूला कॅम टॉवरच्या जोडावर तेल पाझरतंय का ते टॉर्च मारून बघा, हे या इंजिनाचं जुनं दुखणं आहे, थोडं ओलसर असेल तर चालतं, पण खाली एक्झॉस्टवर ठिबकत असेल तर दुरुस्तीचा खर्च मोठा आहे. आणि ट्रक टेक्सस-ॲरिझोनाचाच घ्या, ओहायो-मिशिगनकडून आलेला स्वस्त दिसतो पण तिकडे बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ खाल्लेली, गंजलेली फ्रेम खालून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी पसंती फोर्ड एफ-१५० मधला ५.० लिटर व्ही-८. त्याच ट्रकमधलं इकोबूस्ट नावाचं टर्बो इंजिन ओढायला त्याच्यापेक्षा मजेदार आहे हे खरं, खालच्या आरपीएमलाच जोर येतो, पण लाखभर मैल झालेला आणि ऑइल चेंजचे कागद नसलेला टर्बो ट्रक मी तरी घेणार नाही. नव्याच्या मोहात पडू नका एवढंच सांगतो. २०२२-२३ च्या नव्या व्ही-६ टुंड्रा इंजिनात कारखान्यातला धातूचा चुरा राहिला म्हणून २०२४ मध्ये लाखभर गाड्यांचा रिकॉल निघाला, जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ चा २०२५ मध्ये अमेरिकेतच सुमारे ६ लाख गाड्यांचा निघाला. बॅज बघून भरवसा ठेवायचे दिवस गेले, त्या त्या वर्षाचं इंजिन बघायला लागतं. घ्यायच्या आधी सरकारी साइटवर व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉलचं काम झालंय का बघा, फुकट आहे.

आणि शेवटी मॉडेलपेक्षा तो एक ट्रक कसा वापरलाय हे महत्त्वाचं. गिअर ऑइलची कांडी असेल तर काढून वास घ्या, जळका वास आला की नमस्कार करून निघा. कांडी नसेल तर मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघायला सांगा, शंभर-दोनशे डॉलर जातील, जाऊ द्या. हिचचं भोक अंडाकृती झालंय का, डॅशखाली ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक चालवणारा डबा) बसवून काढल्याच्या स्क्रूच्या खुणा आहेत का, मागच्या बंपरला ट्रेलरच्या वायरींचं ७ पिनचं सॉकेट आहे का. खुणा असणं वाईटच असं नाही, पण मालक म्हणाला की कधीच काही ओढलं नाही आणि हिचचा बॉल घासून चकचकीत झालेला असेल, तर बाकीच्या गोष्टीही तो तशाच सांगतोय असं समजायचं. फॅक्टरीचं टो पॅकेज असलेलीच गाडी घ्या, कारण त्यात नुसता हिच नसतो, मोठा रेडिएटर, ट्रान्समिशनचा कूलर, वेगळा डिफरन्शियल रेशो असं सगळं येतं आणि हे नंतर बसवायला गेलं तर सोन्यापेक्षा घडणावळ जास्त.

मित्राच्या ट्रेलरला ब्रेक आहेत का तेवढं विचारा. टेक्ससमध्ये ४,५०० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, तुम्ही त्याच्या वर आहात. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ट्रकमध्ये कंट्रोलर हवा.

प्रश्न: वरचा प्रश्न ज्यांनी पाठवलाय त्यांची मी बायको. आठवडाभर ती गाडी मीच चालवणार आहे, शाळा, ग्रोसरी, रविवारी मराठी शाळा, गणपतीत मंडळाचं सामान. आमचं गराज २० फूट खोल आहे आणि त्यात पुढे फ्रीज आहे. ट्रकशिवाय दुसरं काही नाही का?
— एक वाचिका, प्लॅनो, टेक्सस

वहिनी, हे आधी सांगायला हवं होतं, मग वरचं उत्तर निम्मंच लिहिलं असतं. चार दारांचा पूर्ण ट्रक १९ फुटांच्या पुढेमागे असतो, फ्रीज पुढे असेल तर गराजचं दार लागणार नाही आणि फ्रीज कोण हलवणार हे मी तुमच्या घरात येऊन ठरवू शकत नाही.

तुमच्यासाठी टोयोटाची एसयूव्ही सेक्वोया. टुंड्राच्याच ५.७ इंजिनाची, तिसरी रांग, लांबी १७ फूट, ओढायची ताकद ७,००० पौंडांच्या आसपास. २०२२ पर्यंत हे इंजिन त्यात येत होतं. पेलोड मात्र ट्रकपेक्षा कमी असतो, म्हणून दाराचा स्टिकर इथे दुप्पट बारकाईने वाचायचा, आणि ट्रेलर लावून जाताना तिसऱ्या रांगेत पाहुणे नकोत. लेक्सस जीएक्स ४६० पण चालेल, मर्यादा ६,५०० पौंड, १६ फुटांत बसते, फार टिकाऊ, फक्त व्हीलबेस आखूड असल्याने लांबच्या प्रवासात ट्रेलर जास्त जाणवतो. फोर्ड एक्स्पिडिशन बघणार असाल तर हेवी ड्यूटी टो पॅकेजवालीच, ते नसेल तर तीच गाडी बरंच कमी ओढते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

मला विचाराल तर तुम्हा दोघांच्या प्रश्नाचं मिळून एकच उत्तर सेक्वोया आहे. टुंड्राचं त्यांना मी समजावतो.

प्रश्न: कंपनी सांगते १०-११ हजार पौंड ओढेल. हे आकडे खरे असतात की मायलेजसारखेच? आम्ही दरवर्षी डॅलसहून कोलोराडोला जातो, या वर्षी गाडी ट्रेलरवर न्यायचा विचार आहे.
— एक वाचक, फ्रिस्को, टेक्सस

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने आकडा ठोकायची. २००८ मध्ये एसएई जे२८०७ नावाचं एक समान मानक आलं, टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते सगळ्यात आधी लावलं, बाकीच्यांना यायला अजून काही वर्षं लागली. त्यामुळे त्याच्या आधीच्या सेकंडहँड ट्रकचा आकडा थोडा कमी धरूनच वाचा.

या मानकातली चाचणी मला फार आवडते. ॲरिझोनात बुलहेड सिटीजवळ डेव्हिस डॅमचा चढ आहे, ११ मैलांपेक्षा थोडा जास्त, चढत चढत ३,००० फूट वर नेणारा. बाहेर १०० डिग्री फॅरनहाइट, एसी फुल, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, आणि साध्या चार चाकी ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये, काही गरम होता कामा नये. यात पास झालेला आकडा खोटा नसतो. पण त्यात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलो. आपल्या मंडळाच्या पिकनिकला आलेल्यांपैकी किती जण त्यात बसतात ते तुम्हीच बघा. सासू-सासरे, मुलं आणि चकलीचे डबे घेऊन निघालात की तो आकडा तुमचा राहत नाही.

कोलोराडोला तुम्ही अमरिलोवरून राटोन पास चढून जाणार, तो ७,८३४ फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे खिंडीच्या माथ्यावर तुमच्या व्ही-८ मधला पाऊण हिस्साच काम करतो. डेन्व्हरच्या पुढे आय-७० ने आयझेनहावर बोगद्यापर्यंत गेलात तर ११,००० फुटांच्या वर, तिथे एक तृतीयांश गेलेला असतो. टर्बोवाल्यांना हा त्रास फार कमी. त्यामुळे दरवर्षीच डोंगरात जायचं असेल तर वर ज्या इकोबूस्टला मी नाकं मुरडली तोच, नीट सर्व्हिस झालेला मिळाला तर, जास्त सोयीचा पडेल. चढावर हळू जायला लाज वाटून घेऊ नका, उजव्या लेनमध्ये १८ चाकी दादा लोकांच्या मागे ४५ ने चालत राहायचं.

उतार जास्त महत्त्वाचा. ट्रेलर ओढताना वापरायचा टो-हॉल मोड लावा, माथ्यावरूनच खालचा गिअर टाका, इंजिनाला गाडी धरू द्या आणि ब्रेक अधूनमधून ठोस दाबून सोडा. सगळा उतार पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत वास येतो आणि मग ब्रेक उरत नाही.

निघायच्या आधी ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो तिथे एकदा सगळं लादून वजन करा. थोडे पैसे लागतात. एक पावती मिळते, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे. घरी केलेली बेरीज आणि ही पावती यात बऱ्याचदा काही शे पौंडांचा फरक निघतो आणि तो कधीच आपल्या बाजूने नसतो.

प्रश्न: एडिसनहून शार्लटला शिफ्ट होतोय. होंडा पायलट आहे आणि बायकोची कॅम्री. भाड्याचा ट्रेलर घेऊन पायलटने कॅम्री नेली तर चालेल ना?
— एक वाचक, न्यू जर्सी

नाही चालणार. कॅम्री ३,४०० पौंड, चारही चाकं वर घेणारा भाड्याचा ट्रेलर २,२०० च्या आसपास, ५,६०० झाले, पायलटची मर्यादा ५,०००, आणि तीही फोर व्हील ड्राइव्ह असेल तर. नुसती पुढची दोन चाकं वर घेणारी डॉली असते ती हलकी असते, कॅम्री फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर त्यावर जाते, आकड्यात बसतेसुद्धा. पण पायलटमध्ये चौघं आणि छतापर्यंत सामान भरून, डॉली कशी वळते हे आयुष्यात कधी बघितलेलं नसताना, सहाशे-साडेसहाशे मैल? डॉली लावून रिव्हर्स घेता येत नाही, चुकून एखाद्या पंपाच्या कोपऱ्यात शिरलात की सगळं सोडवून बाहेर काढायचं. भाड्याच्या ट्रेलरवर मोठ्या अक्षरात ५५ मैल लिहिलेलं असतं ते वेगळंच. आणि आय-८१ ने गेलात तर शेवटी आय-७७ वर फॅन्सी गॅपचा उतार आहे, तिथे धुकं असतं.

दोघांनी दोन गाड्या चालवत न्या, मध्ये व्हर्जिनियात एक रात्र मुक्काम करा. नाहीतर ओपन कॅरियरवर (गाड्या वाहून नेणाऱ्या उघड्या ट्रकवर) कॅम्री पाठवा, भाडं बघून जीव वर-खाली होतो पण ट्रेलरचं भाडं, जादा पेट्रोल आणि मानसिक शांती धरली तर फार फरक राहत नाही. सामानासाठी मोठा भाड्याचा ट्रक घेणारच असाल तर त्याच्या मागे ट्रेलर लावणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, तो ट्रक त्या कामासाठीच केलेला असतो, आणि त्या ट्रेलरचे ब्रेक ट्रेलरने पुढे ढकललं की आपोआप लागतात म्हणून वायरिंगची वेगळी कटकट नाही.

प्रश्न: मी लेस्टरला असतो. जुनी एमएक्स-५ (अमेरिकेतली मियाटा तीच) घेतलीय. लायसन्स २००९ चं. ट्रेलर ओढायला वेगळी टेस्ट लागते असं कुणी म्हणतं, नाही असं कुणी म्हणतं. आणि स्कोडा ऑक्टाविया डिझेल इस्टेट (लांब डिकीवाली) आहे, तिने भागेल?
— एक वाचक, इंग्लंड

टेस्ट आता लागत नाही. १ जानेवारी १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना पूर्वी लागायची, १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे, तिकडे जाणार असाल तर बघून जा.

गाडीचं म्हणाल तर एमएक्स-५ हजार-अकराशे किलो, ट्रेलर साडेचारशे-पाचशे, म्हणजे दीड टनाच्या आसपास. तुमच्या ऑक्टावियाच्या व्हिन प्लेटवर वजनांची एक उतरंड लिहिलेली असते, पहिला आकडा गाडीचं भरलेलं वजन, दुसरा गाडी अधिक ट्रेलर मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा करा, जे उरेल ते ओढायची मर्यादा धरा. १५० हॉर्सपॉवरचं दोन लिटर डिझेल असेल तर जेमतेम बसेल, १.६ असेल तर मी नाही म्हणेन. थोडे पैसे घालून चारही चाकं ओढणारी सुपर्ब डिझेल इस्टेट मिळाली तर ती घ्या, ट्रॅकचं पॅडॉक (गाड्या उभ्या करायची जागा) म्हणजे निम्म्या वेळा ओलं गवत असतं आणि परत निघताना भरलेला ट्रेलर गवतातून बाहेर काढायला मागची चाकं लागतात. फोक्सवॅगन टूआरेग मोठी, ३,५०० किलो ओढणारी, पण एका एमएक्स-५ साठी एवढं घोडं पोसायची गरज नाही.

दांड्यावरचं वजन तुमच्याकडे अमेरिकेपेक्षा कमी धरतात, ७५ ते १०० किलोच्या आत, टो बारवर छापलेलं असतं. ७५० किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे. मोटरवेवर ६०, सिंगल रस्त्यावर ५०, तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर अगदी उजवी लेन वापरायची नाही, आणि ट्रेलरवर ओढणाऱ्या गाडीचीच नंबर प्लेट लागते.

प्रश्न: इलेक्ट्रिक पिकअपने ओढलं तर?
— सॅन होजेहून

ओढतो झकास, चढावर तर कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण रेंज साधारण निम्मी होते, आणि बहुतेक चार्जरपाशी ट्रेलरसकट उभं राहायला जागा नसते, म्हणजे दर थांब्याला ट्रेलर सोडा, चार्ज करा, परत लावा. ट्रॅक शंभर मैलांच्या आत असेल तर मजा आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावला की तसंही ५५ ची मर्यादा आहे, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

प्रश्न: वडिलांची पद्मिनी रिस्टोअर केलीय, पुण्याहून मुंबईला रॅलीसाठी न्यायची आहे. माझ्याकडे फॉर्च्युनर आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओत दाखवतात तसा ट्रेलर बनवून घेऊ का? फॅब्रिकेटर तयार आहे.
— एक वाचक, पुणे

फॅब्रिकेटर तयार असणारच. तो ट्रेलर बनवेल, पण त्याचं रजिस्ट्रेशन, त्याचे ब्रेक, त्याचा इन्शुरन्स हे तुमच्या गळ्यात. पहिल्यांदा फॉर्च्युनरचं मॅन्युअल काढा आणि ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. ओढू नका असं लिहिलं असेल तर पुढे काही झाल्यावर इन्शुरन्सवाले तेच पान तुमच्यासमोर धरतील. ताकदीचा प्रश्नच नाही, पद्मिनी नऊशे किलोची, फॉर्च्युनर तिला उचलून नेईल, प्रश्न बोर घाटात उतरताना बिनब्रेकच्या घरगुती ट्रेलरने मागून ढकलण्याचा आहे.

वर्षातून दोनदा रॅली असेल तर सरळ फ्लॅटबेड भाड्याने घ्या. दोरी बांधून टोचन करून तर अजिबात नको, एवढा खर्च करून रंग दिलाय. फ्लॅटबेडवाला ठरवताना भाव करण्याआधी त्याच्याकडे चाकांना गुंडाळायचे पट्टे आहेत का ते विचारा. बरेच जण साखळीचा हुक सरळ पुढच्या ॲक्सलला किंवा बंपरच्या ब्रॅकेटला अडकवतात आणि विंचने ओढतात, जुन्या गाडीचं तिथलं पत्र्याचं काम एका झटक्यात वाकडं होतं. पट्टे नसतील तर चार रॅचेटचे पट्टे स्वतः विकत घ्या, दोन इंच रुंदीचे, चारही चाकांना एकेक, म्हणजे गाडी स्प्रिंगवर हलत राहिली तरी चाकं जागची हलत नाहीत. हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावून पट्टे परत आवळा, पहिल्या काही खड्ड्यांत ते हमखास सैल होतात. ड्रायव्हर कुरकुर करेल, चहा पाजा.